गाडीच्या सबवूफरसाठी बॉक्स कसा निवडायचा: कमी वॅटमध्ये जास्त बास

सब घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न "किती वॅटचा घेऊ", दुसरा "दहा इंची की बारा इंची", आणि बॉक्सचं नाव निघतं ते सगळे पैसे खर्च झाल्यावर, तेही जो तयार मिळेल तो उचलायचा म्हणून. मी सांगतोय ते याच्या बरोबर उलटं आहे. आधी बॉक्स, मग सब, आणि वॅट सगळ्यात शेवटी. मी या सगळ्यातून गेलोय, बॉक्स बनवलेत, मोजलेत, आणि एक गोष्ट पक्की कळलीय की तोच सब आणि तोच अ‍ॅम्प दोन वेगळ्या बॉक्समध्ये टाकला तर दोन वेगळ्या सिस्टिम वाटतात, इतका फरक पडतो.

वॅटचं गणित आधी बघा म्हणजे पुढचं सगळं पटेल. सबला दिलेल्या विजेपैकी आवाजात रूपांतर किती होतं माहितीये? १ वॅटला १ मीटरवर ९२ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) देणारा ड्रायव्हर, म्हणजे सबचा मूळ स्पीकर, साधारण १ टक्का कार्यक्षम असतो. गाडीतले बहुतेक सब ८४ ते ८९ डीबीच्या घरात, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. बाकी सगळी वीज व्हॉइस कॉइल (सबचा कोन, म्हणजे पुढचा पडदा, हलवणारं तारेचं वेटोळं) तापवण्यात जाते. आता आवाज ३ डीबी वाढवायचा तर वॅट दुप्पट लागतात, आणि कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० डीबी म्हणजे दहापट वॅट. नुसता बॉक्स बरोबर निवडला तर ३ डीबी आरामात हातात येतात, म्हणजे ५०० वॅटचं काम २५० वॅटमध्ये होतं. क्लास डी अ‍ॅम्प ८० टक्के कार्यक्षम धरला तर ५०० वॅट आरएमएसला (म्हणजे सतत देता येणाऱ्या वॅटला) १३.८ व्होल्टवर जवळपास ४५ अँपिअर लागतात आणि २५० वॅटला २३. वायर, फ्यूज, बॅटरी, अल्टरनेटर या सगळ्यावरचा भार निम्मा झाला ना. शिवाय कॉइल कमी तापते, आणि ते फार महत्त्वाचं आहे कारण तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो, कॉइल १०० अंशांनी तापली की आवाज अडीच-तीन डीबी तसाच गळतो आणि आपण आवाज आणखी वाढवत बसतो.

काय काय लागेल

- सबची पूर्ण स्पेक शीट, म्हणजे एफएस, क्यूटीएस, क्यूईएस, व्हीएएस, एक्समॅक्स, एसडी (कोनाचं क्षेत्रफळ) आणि ड्रायव्हर बॉक्समध्ये किती लिटर जागा खातो तो आकडा. हे आकडे नसलेला सब घेऊच नका
- अ‍ॅम्पचे आरएमएस वॅट, आणि ते किती ओहमला आहेत ते
- मेजर टेप, मोठा पुठ्ठा, चिकटपट्टी
- कॉम्प्युटरवर विनआयएसडी हे बॉक्सचे ग्राफ काढणारं फुकट सॉफ्टवेअर. पुढे रस वाढला तर हॉर्नरेस्प, तेही फुकट
- मल्टिमीटर आणि २० ते १०० हर्ट्झचे टेस्ट टोन
- १८ मिमीचा एमडीएफ किंवा चांगला भरीव प्लायवुड, लाकडाचा गोंद, स्क्रू, क्लॅम्प, जिगसॉ, सीलंट, फोमची गॅस्केट टेप
- धुळीचा मास्क. एमडीएफची धूळ फार बारीक असते, मास्क न लावता कापायला बसू नका

१. आधी डिकी मोजा आणि काय ऐकता ते ठरवा

लोक डिकी नजरेनं मोजतात आणि तिथेच फसतात. टेप घ्या, लांबी-रुंदी-उंची लिहा, मग पुठ्ठ्याचा त्या मापाचा खोटा बॉक्स बनवून आत ठेवा आणि दोन-चार दिवस तसाच राहू द्या. स्टेपनी काढता येते का, मागची सीट दुमडते का, डिकीचं झाकण पूर्ण बंद होतं का (काही गाड्यांत बिजागरीचे दांडे आत खाली येतात, ते बॉक्सला टेकतात), घरचं सामान कुठे बसणार, हे सगळं पुठ्ठ्यावर कळलेलं बरं. सीटच्या पाठीला उतार असतो, त्यामुळे बॉक्सची मागची बाजू तिरकी ठेवली तर बरीच जागा वाचते. कोनाच्या आणि पोर्टच्या (बॉक्समधून हवा आत-बाहेर करणाऱ्या नळीच्या) तोंडासमोर मोकळी जागा सोडायची, भिंतीला चिकटवायचं नाही.

मग संगीत. चार तारांच्या बास गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झला वाजते, पाच तारांच्या गिटारची खालची तार ३१ ला, पियानोची शेवटची पट्टी २७.५ ला. बहुतेक गाण्यांचा दणका ४० ते ८० हर्ट्झमध्येच असतो. इलेक्ट्रॉनिक म्युझिक किंवा खोल बेसचं रॅप ऐकत असाल तरच ३० च्या खाली जायची गरज, आणि ती गरज महाग असते, का ते तिसऱ्या पायरीत येतंय.

२. स्पेक शीट वाचायला शिका

या आकड्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये पोर्टवाल्या बॉक्सवर पेपर लिहिला आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते काम पुढे नेलं. त्याच्या आधी बॉक्स बनवणं बरंचसं अंदाजपंचे होतं, आज आपण लाकूड कापायच्या आधी स्क्रीनवर ग्राफ बघू शकतो ते यांच्यामुळे.

एफएस म्हणजे मोकळ्या हवेत ड्रायव्हर स्वतःहून ज्या फ्रिक्वेन्सीला डोलतो ती. व्हीएएस म्हणजे कोनाच्या सस्पेन्शनइतकीच (त्याला धरून ठेवणाऱ्या लवचिक भागांइतकीच) लवचिक असलेल्या हवेचा आकार, लिटरमध्ये. क्यूईएस हा मॅग्नेट आणि कॉइल कोनाला किती आवरतात त्याचा आकडा, जितका कमी तितकी मोटर ताकदवान. क्यूटीएस म्हणजे सगळं धरून एकूण. एक्समॅक्स म्हणजे कोन एका बाजूला किती मिलिमीटर स्वच्छपणे जाऊ शकतो.

यातून पहिला कौल मिळतो: एफएस भागिले क्यूईएस करा. उत्तर ५० च्या खाली आलं तर सब सील्ड (पूर्ण बंद) बॉक्सचा, १०० च्या वर आलं तर पोर्टेडचा (पोर्ट असलेल्या बॉक्सचा), मधलं आलं तर दोन्ही चालतात. याला ईबीपी म्हणतात. हा फक्त अंदाज आहे हां, शेवटचा निकाल सॉफ्टवेअरच देणार, पण नवीन माणसाला दिशा मिळते.

लेखभर आपण एकच उदाहरण घेऊ: बारा इंची सब, एफएस ३२, क्यूईएस ०.४८, क्यूटीएस ०.४४, व्हीएएस ६० लिटर. ३२ भागिले ०.४८ म्हणजे ६७. मधला आला, म्हणजे आपल्याला खरंच निवड करायचीय.

इथे दोन सापळे आहेत. एक, "पीक" किंवा "मॅक्स" वॅट, त्याकडे बघायचंच नाही, फक्त आरएमएस. दुसरा जास्त लबाड आहे. सेन्सिटिव्हिटी (१ मीटरवरचा डीबीचा आकडा) १ वॅटला दिलीये की २.८३ व्होल्टला ते बघा. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट, पण ४ ओहमला तेच २ वॅट होतात आणि २ ओहमला ४ वॅट, म्हणजे २ ओहमच्या सबचा आकडा कागदावर आपोआप ६ डीबी चांगला दिसतो आणि कार्यक्षमता तीच असते.

३. आयर्न लॉ, जो कुणाला चुकत नाही

केएलएच या स्पीकर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या अँटन हॉफमन यांच्या नावानं हा नियम ओळखला जातो. लहान बॉक्स, खोल बास, आणि जास्त कार्यक्षमता, या तिनातल्या दोनच गोष्टी मिळतात. कोणतीही दोन निवडा, तिसरी सोडावी लागते.

गणितात सांगायचं तर कार्यक्षमता ही बॉक्सच्या लिटरच्या आणि खालच्या कटऑफ फ्रिक्वेन्सीच्या (जिच्या खाली बास पडू लागतो तिच्या) घनाच्या प्रमाणात असते. म्हणजे काय, तर बॉक्स निम्मा केला आणि बास तेवढाच खोल हवा असेल तर कार्यक्षमता निम्मी, ३ डीबी गेले, अ‍ॅम्प दुप्पट घ्या. आणि तीच कार्यक्षमता ठेवून एक ऑक्टेव्ह खाली जायचं, समजा ६० वरून ३० ला, तर बॉक्स आठपट मोठा लागतो. आठपट! म्हणून "छोट्याशा बॉक्समध्ये जबरदस्त खोल बास" अशी जाहिरात दिसली की समजायचं की ते वॅट ओतून केलंय, आणि ती वीज तुमच्याच अल्टरनेटरमधून येणार आहे.

माझं मत स्पष्ट आहे: डिकीत जेवढी जागा खरंच देता येते तेवढी सगळी बॉक्सला द्या. बॉक्सचं लाकूड एकदाच विकत घ्यायचं असतं, वॅटचा भार गाडी रोज उचलते.

४. सील्ड बॉक्स: कधी घ्यायचा

पूर्ण बंद डबा, आतली हवाच स्प्रिंगचं काम करते. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये एआर-१ या स्पीकरमध्ये हे तत्त्व बाजारात आणलं. याचे फायदे म्हणजे बनवायला सोपा, लिटर थोडं इकडेतिकडे झालं तरी फार बिघडत नाही, बास नेटका येतो, आणि खाली आवाज हळूहळू उतरतो, ऑक्टेव्हला १२ डीबी.

आकार ठरवायचा क्यूटीसी या आकड्यावरून:

क्यूटीसी = क्यूटीएस × √(व्हीएएस ÷ बॉक्सचे लिटर + १)

०.७०७ आला की प्रतिसाद सपाट. त्याच्या वर गेलात की आधी थोडा फुगवटा येतो आणि खालचं लवकर तुटतं. आपल्या उदाहरणात ०.७०७ साठी ३८ लिटर लागतात आणि सिस्टिमचा रेझोनन्स ५१ हर्ट्झला बसतो. तोच सब १९ लिटरमध्ये कोंबला तर क्यूटीसी ०.९ होतो आणि रेझोनन्स ६५ ला जातो. ऐकायला तो बॉक्स वाईट नाही वाटत, उलट कुणाकुणाला तो ठोसा आवडतो, पण खोल बास गेला आणि तो परत आणायला इक्वलायझरने वॅट ओतावे लागतील.

जागा थोडी कमी पडत असेल तर आत पॉलिफिल भरता येतं, म्हणजे उशीत भरतात तसला पॉलिएस्टरचा कापूस. बॉक्स आहे त्यापेक्षा मोठा असल्यासारखा वागतो, थिअरीत ४० टक्के मोठा, प्रत्यक्षात १०-२० टक्के धरा. दाबून भरायचा नाही, सैल.

सील्ड घ्या जर जागा कमी असेल, ईबीपी खाली असेल, अ‍ॅम्पला ताकद भरपूर असेल, किंवा पहिल्यांदाच हातानं बॉक्स बनवताय आणि मापाची धास्ती वाटतेय. कार्यक्षमतेत मात्र तो मागे पडतो.

५. पोर्टेड बॉक्स: कार्यक्षमता हवी असेल तर बहुतेकांचं उत्तर हेच

बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की हूंऽ असा एकच सूर येतो, तसंच बॉक्समधली हवा आणि पोर्टमधली हवा मिळून एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला डोलतात. तीच ट्यूनिंग. ट्यूनिंगच्या आसपास कोनाच्या मागच्या बाजूचा आवाज, जो सील्डमध्ये आत दाबून फुकट जातो, तो पोर्टमधून बाहेर येतो. त्या जागी कोन जवळजवळ हलत नाही आणि आवाज सगळा पोर्ट देतो. तेवढ्याच लिटरमध्ये, तेवढ्याच कटऑफला, सील्डपेक्षा साधारण ३ डीबी जास्त कार्यक्षमता, हे स्मॉल यांच्या गणितातूनच येतं.

पण ट्यूनिंगच्या खाली गोष्ट उलटते. हवेचा आधार सुटतो, कोन मोकळा फडफडतो, आवाज ऑक्टेव्हला २४ डीबीनं पडतो आणि कॉइल मागे आपटून सब मरू शकतो. म्हणून पोर्टेडला सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) पाहिजेच, ट्यूनिंगच्या चार-पाच हर्ट्झ खाली लावलेला. अ‍ॅम्पमध्ये तो नसेल तर पोर्टेड बॉक्सचा विचार सोडा किंवा अ‍ॅम्प बदला, यात मधला मार्ग नाही.

*ट्यूनिंग किती ठेवायची:* रोजच्या ऐकण्याला ३२ ते ३८ हर्ट्झ. वर ४५-५० ला नेलं तर मीटरवर आकडा मोठा येतो, स्पर्धावाले तेच करतात, पण गाणी ऐकायला तो एकसुरी वाटतो आणि खालचं काहीच राहत नाही. दुसऱ्याचा स्पर्धेचा बॉक्स बघून हुरळून जाऊ नका.

*पोर्टची लांबी:* गोल पोर्टसाठी, सगळं सेंटिमीटर आणि लिटरमध्ये,

लांबी = (२३५६२.५ × व्यास² × पोर्टची संख्या) ÷ (ट्यूनिंग² × लिटर) − (०.७३२ × व्यास)

आपला बॉक्स ४९ लिटर नेट धरू, ट्यूनिंग ३४, पोर्ट १० सेंमीचा एक. उत्तर येतं ३४ सेंमी. मस्त, आत बसतो. पण १० सेंमीच्या पोर्टचं क्षेत्रफळ ७८ चौरस सेंमीच, आणि जोरात वाजवलं की त्यातून हवा इतक्या वेगानं जाते की फुसफुस ऐकू येते. बरं मग दोन पोर्ट टाकू? टाका, पण लांबी प्रत्येकी ७६ सेंमी होते! क्षेत्रफळ दुप्पट केलं की लांबी दुपटीच्या वर जाते, आणि ७६ सेंमीचा पाइप सरळ बसणार नाही, वळवावा लागेल किंवा बॉक्सच्या भिंतीला धरून लाकडाचा स्लॉट पोर्ट करावा लागेल. नवीन माणूस हमखास इथेच अडकतो, लांबी बसत नाही म्हणून पोर्ट बारीक करतो, आणि मग आवाज वाढवला की पोर्ट गुदमरतो आणि मिळालेले ३ डीबी तिथेच जातात.

गाडीच्या बॉक्ससाठी साधा ठोकताळा म्हणजे दर लिटरला अडीच ते साडेतीन चौरस सेंमी पोर्ट. वॅट कमी असतील तर त्याहून कमीही चालतं, आपलं उदाहरण २०० वॅटला एका पोर्टवर निभावेल पण ५०० ला नाही. खरं उत्तर सॉफ्टवेअरमधल्या एअर व्हेलॉसिटीच्या ग्राफवर बघा, १७ ते २० मीटर प्रति सेकंदच्या आत असेल तर निर्धास्त, चालत्या गाडीत २५ पर्यंतही खपून जातं कारण इंजिन-टायरचा आवाज असतोच. पोर्टची दोन्ही तोंडं गोलाई दिलेली घ्या, फुसफुस बरीच कमी होते. आणि आतलं तोंड भिंतीपासून निदान पोर्टच्या व्यासाइतकं लांब ठेवा.

स्लॉट पोर्ट करणार असाल तर एक लक्षात ठेवा, तो बॉक्सच्या भिंतीला चिकटून असतो त्यामुळे हिशोबापेक्षा लांब असल्यासारखा वागतो आणि ट्यूनिंग खाली घसरते. जिथे शक्य आहे तिथे आतली फळी बॉक्स बंद करायच्या आधी तात्पुरती लावून मोजून बघा.

६. बाकीचे प्रकार, थोडक्यात

चौथ्या ऑर्डरचा बॅन्डपास म्हणजे मागे सील्ड, पुढे पोर्टेड, ड्रायव्हर मधल्या भिंतीवर. ठरावीक पट्ट्यात तो खूप कार्यक्षम होऊ शकतो, पण पट्टा जितका अरुंद तितकाच फायदा. सहाव्या ऑर्डरमध्ये दोन्ही खोल्यांना पोर्ट. दोन्ही त्या एकाच सबसाठी हिशोब करून बनवावे लागतात, आणि ड्रायव्हर आत लपलेला असल्यामुळे तो मर्यादेबाहेर चाललाय हे कानाला कळत नाही, जळल्यावरच कळतं. पहिला बॉक्स म्हणून नको. तयार बॅन्डपासमध्ये वाट्टेल तो सब टाकणं तर अजिबात नको.

पॅसिव्ह रेडिएटर म्हणजे पोर्टच्या जागी मोटर नसलेला कोन. लहान बॉक्सला खाली ट्यून करायचंय आणि पोर्टची लांबी बसतच नाही तेव्हा उत्तम उपाय आहे, फुसफुस नाही, फक्त त्याची हवा ढकलायची क्षमता सबच्या दुप्पट तरी असावी लागते म्हणून खर्च वाढतो.

इन्फिनिट बॅफल म्हणजे पूर्ण डिकीच बॉक्स. कमी वॅटमध्ये खूप खोल जातो, पण डिकी आणि केबिनमधली प्रत्येक फट बंद करावी लागते, आणि कोनाला हवेचा आधार नसल्यामुळे तो लवकर मर्यादेला लागतो. हॉर्न कार्यक्षमतेचा राजा आहे पण बासच्या लांब लहरींना इतकं मोठं तोंड लागतं की साध्या गाडीत बसतच नाही.

७. केबिन स्वतः बास वाढवते, ते हिशोबात धरा

हे फार कमी जण सांगतात. गाडीच्या बंद जागेत एका फ्रिक्वेन्सीच्या खाली बास आपोआप वाढत जातो, थिअरीत ऑक्टेव्हला १२ डीबी. ती फ्रिक्वेन्सी साधारण आवाजाचा वेग भागिले केबिनच्या लांबीची दुप्पट. लांबी २.७ मीटर असेल तर ३४४ भागिले ५.४, म्हणजे ६४ हर्ट्झ. खऱ्या गाडीत फटी असतात, पत्रा हलतो, म्हणून १२ च्या ऐवजी कमी मिळतं, पण मिळतं नक्की. काचा उघडल्या की हे गायब होतं.

आता जोडून बघा: सील्ड बॉक्स खाली १२ डीबीनं पडतो आणि केबिन तेवढंच वर उचलू बघते. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये केविलवाणा दिसणारा सील्डचा ग्राफ गाडीत बराच सपाट होतो. आणि सॉफ्टवेअरमध्ये ३५ पर्यंत सपाट दिसणारा पोर्टेड गाडीत त्याच जागी फुगतो, घुमतो. घुमलं तर घाबरू नका, इक्वलायझरवर तो भाग खाली घ्या. कमी करायला वॅट लागत नाहीत, उलट वाचतात.

डिकी वेगळी असलेल्या गाड्यांत मागची सीट आणि शेल्फ आड येतात. सब मागे तोंड करून, म्हणजे डिकीच्या झाकणाकडे, ठेवून बघा, मग वर, मग सीटकडे. ४० हर्ट्झची लहर साडेआठ मीटर लांब असते त्यामुळे दिशा कळत नाही, पण जागा बदलली की लाउडनेस बदलतो. सीट दुमडून आणि न दुमडता दोन्ही ऐकून बघा, फरक खूप पडला तर सीटमधला छोटा झरोका उघडण्याची सोय आहे का बघा.

८. लिटरचा हिशोब, नेटमध्ये

कंपनी जो आकडा देते तो नेट असतो, म्हणजे सगळं वजा जाता उरलेली हवा. बाहेरून ६० × ३६ × ३५ सेंमीचा बॉक्स ७५.६ लिटरचा दिसतो. पण १८ मिमीची फळी दोन्ही बाजूंनी, म्हणजे प्रत्येक मापातून ३.६ सेंमी वजा, आतून ५६.४ × ३२.४ × ३१.४, झाले ५७.४ लिटर. त्यातून ड्रायव्हर ३, पोर्ट ३.३, आधाराच्या पट्ट्या २. उरले ४९. बाहेरच्या मापावर विसंबलात तर एक तृतीयांश हवा कमी! पोर्ट आतला नाही, बाहेरच्या व्यासाचा धरायचा. तिरक्या बॉक्ससाठी वरच्या आणि खालच्या खोलीची सरासरी घ्या. माप क्युबिक फुटात दिलं असेल तर २८.३ नं गुणा.

९. बनवताना

एमडीएफच्या कडेला स्क्रू मारायच्या आधी बारीक भोक पाडा, नाहीतर फळी चिरते. खरी पकड गोंदाची, स्क्रू फक्त सुकेपर्यंत धरून ठेवायला. मोठ्या फळीच्या मध्ये आडवी पट्टी टाकाच, भिंत थरथरली की ती ऊर्जा बासमधून गेली. एमडीएफला पाणी सोसत नाही, डिकीत ओल येत असेल तर प्लायवुड. आतल्या सगळ्या कडा सीलंटनं भरा आणि ते पूर्ण सुकल्याशिवाय ड्रायव्हर बसवू नका, काही सिलिकॉनमधून सुकताना निघणारी वाफ सराउंडच्या (कोनाभोवतीच्या लवचिक कडेच्या) गोंदाला चांगली नसते.

सील्ड असेल तर कोन दोन्ही हातांनी सारखा, हलकेच आत दाबा आणि सोडा. हळूहळू परत आला तर बॉक्स घट्ट आहे, लगेच उडी मारून आला तर कुठेतरी गळतंय, बहुधा टर्मिनलच्या कपाजवळ.

बॉक्स गाडीत पट्ट्यानं किंवा कंसानं बांधा, पंचवीस किलोचा डबा अचानक ब्रेकला पुढे येतो. बॅटरीच्या वायरवर फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत.

१०. लावल्यावर तपासणी आणि सेटिंग

पोर्टेडची ट्यूनिंग खरंच किती आली ते बघायला काही महाग यंत्र लागत नाही. सबसॉनिक फिल्टर तेवढ्यापुरता बंद ठेवा, आवाज कमी ठेवा, ५० हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ खाली टोन वाजवत या आणि कोनाकडे बघा. हलणं कमी कमी होत जाईल, जिथे सगळ्यात कमी तिथे ट्यूनिंग, त्याच्या खाली ते अचानक वाढतं, तिथे लगेच थांबा. हिशोबापेक्षा खाली आली तर पोर्ट थोडा कापा, वर आली तर लांब करा. म्हणून पोर्ट सुरुवातीला एक-दोन सेंमी जास्त ठेवलेला चांगला, कापता येतो, जोडणं कटकटीचं.

मग लो पास (वरचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या आसपास, सबसॉनिक खऱ्या ट्यूनिंगच्या चार-पाच हर्ट्झ खाली (कागदावरच्या नाही, मोजलेल्या), बास बूस्ट शून्यावर. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, हेड युनिटचा (गाडीच्या स्टिरिओचा) सिग्नल अ‍ॅम्पशी जुळवायला ते असतं. मल्टिमीटर एसीवर ठेवून सब काढलेल्या अ‍ॅम्पच्या आउटपुटवर टोन वाजवा आणि वॅट गुणिले ओहमचं वर्गमूळ येईल तेवढ्या व्होल्टला गेन थांबवा, २५० वॅट ४ ओहम म्हणजे ३१.६ व्होल्ट. शेवटी फेज (कोन आधी बाहेर जातो की आत, ते) ० आणि १८० दोन्हीवर ड्रायव्हरच्या सीटवर बसून ऐका, ज्याला ६०-८० हर्ट्झ जास्त भरीव वाटतो तो ठेवा. महिन्याभरानं सेटिंग आणि स्क्रू पुन्हा एकदा बघा, नवीन सबचं सस्पेन्शन वापरानं थोडं सैल होतं आणि गाडीच्या हादऱ्यांनी स्क्रूही सुटतात.